शेषशय्या, नटराज आणि कालचक्र

सृष्टी-प्रलयाच्या मूर्तींतून गृहस्थाने घ्यावयाचा बोध

घरोघरी पूजेच्या प्रारंभी संकल्प सोडला जातो. यजमान हातात पाणी घेतो आणि पुरोहितामागोमाग काही शब्द उच्चारतो. त्या शब्दांचा आशय असा : ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध चालू आहे, त्यातील हा श्वेतवाराह कल्प, त्या कल्पातील हे सातवे, वैवस्वत मन्वंतर, त्या मन्वंतरातील हे अठ्ठाविसावे कलियुग आणि त्याचाही हा प्रथम चरण. अशा काळी, अमुक देशी, अमुक संवत्सरी, अमुक मासी, अमुक तिथीस, अमुक गोत्रात जन्मलेला अमुक नावाचा मी हे कर्म करीन.

विचार केला असता हा संकल्प मोठा विलक्षण आहे. त्याचा आरंभ अब्जावधी वर्षांनी होतो आणि शेवट हातातील पळीभर पाण्याने होतो. काळाचा एवढा विस्तार डोळ्यांपुढे उभा केल्यावर माणसाला स्वतःचे कर्म क्षुद्र वाटावयास हवे होते. परंतु संकल्प तर नेमका उलट, कर्माच्या निश्चयावर येऊन थांबतो. हे कसे?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू येऊन गेला आहे, ज्याचा आयुष्यभराचा उद्योग बुडाला आहे, अशा गृहस्थाच्या मनात तो नको त्या वेळी उभा राहतो. सारेच जर उत्पन्न होऊन लयाला जाणार, आणि पुनः तसेच उत्पन्न होणार, तर मी कष्ट कशासाठी करावे? सांत्वनास आलेले लोक "जग हे असेच चालायचे" असे म्हणतात; पण त्या वाक्याने शोक हलका होत नाही. चक्र फिरते आहे एवढे सांगणे म्हणजे समाधान नव्हे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत दिले, तसेच ते पाषाणात आणि धातूतही दिले. ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हते त्यांनाही ते मंदिराच्या भिंतीवर दिसावे, अशी ती योजना होती. त्यांपैकी काही मूर्तींचा गीतेच्या आधारे येथे विचार करावयाचा आहे.

काळाचे माप

प्रथम शास्त्रोक्त कालमान ध्यानात घ्यावे. कृतयुग १७,२८,००० वर्षांचे, त्रेतायुग १२,९६,००० वर्षांचे, द्वापर ८,६४,००० वर्षांचे आणि कलियुग ४,३२,००० वर्षांचे. चारही मिळून ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग होते. अशी सहस्र महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. यालाच कल्प म्हणतात. त्याची वर्षे ४,३२,००,००,००० होतात. रात्रही तेवढीच.

एका दिवसात चौदा मनू होतात आणि प्रत्येकाचा काळ ७१ महायुगांचा. चौदा गुणिले एकाहत्तर म्हणजे ९९४. मग उरलेली सहा महायुगे कोठे गेली? सूर्यसिद्धांत सांगतो की मन्वंतरांच्या आधी, मध्ये आणि शेवटी मिळून पंधरा संधी असतात आणि प्रत्येक संधी कृतयुगाएवढा असतो. पंधरा कृतयुगांची वर्षे २,५९,२०,००० होतात, म्हणजे बरोबर सहा महायुगे. हिशेब पुरा होतो. ब्रह्मदेवाचे आयुष्य अशा दिवस-रात्रींच्या शंभर वर्षांचे, म्हणजे ३१,१०,४०,००,००,००,००० मानवी वर्षांचे होय. आणि तेही संपते.

गीतेच्या आठव्या अध्यायात (श्लोक १६ ते २०) श्रीभगवंतांनी हाच विषय अगदी थोडक्यात सांगितला आहे. ब्रह्मलोकापर्यंतचे सर्व लोक पुनरावृत्तीच्या अधीन आहेत. ब्रह्मदेवाचा दिवस उगवला की अव्यक्तातून सर्व व्यक्ती प्रकट होतात, रात्र झाली की त्याच अव्यक्तात लीन होतात. तोच हा भूतसमुदाय पुनः पुनः होतो आणि परवश होऊन लय पावतो. येथे 'परवश' हा भाव महत्त्वाचा आहे. चक्रात फिरणारा जीव स्वेच्छेने फिरत नाही. म्हणून चक्राचे नुसते वर्णन ऐकून कोणास शांती लाभत नाही, हे भगवंतांनाही मान्यच आहे. ते लगेच विसाव्या श्लोकात पुढचे सांगतात : या अव्यक्ताच्याही पलीकडे दुसरा एक सनातन भाव आहे, आणि सर्व भूते नाश पावली तरी तो नाश पावत नाही.

मूर्तिकाराचे सारे कौशल्य या विसाव्या श्लोकासाठी खर्ची पडलेले आहे. सृष्टी-प्रलयाची जी जी थोर मूर्ती पाहावी, तिच्यात एक फिरणारे असते आणि एक न फिरणारे. दोन्ही ओळखता आली की मूर्ती वाचता आली, असे समजावे.

देवगढ येथील शेषशायी

उत्तर प्रदेशात ललितपूर जिल्ह्यात, वेत्रवती म्हणजे बेतवा नदीच्या काठी देवगढ नावाचे स्थान आहे. (कोकणातील देवगड ते हे नव्हे.) तेथे गुप्तकालीन शैलीचे एक विष्णुमंदिर आहे; लोक त्याला दशावतार मंदिर म्हणतात. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या सहाव्या शतकाचा पूर्वभाग मानला जातो. मंदिराचे शिखर आज पडलेले आहे. परंतु गाभाऱ्याच्या बाहेरील तीन भिंतींवर तीन मोठे शिल्पपट अद्यापि आहेत.

दक्षिणेकडील पटात श्रीविष्णू शेषाच्या वेटोळ्यांवर पहुडले आहेत. शेषाच्या सात फणा मस्तकावर छत्र धरून आहेत. पायापाशी लक्ष्मी चरण चुरीत बसली आहे. वरच्या बाजूस मध्यभागी कमलावर ब्रह्मदेव बसलेले असून इतर देव आपापल्या वाहनांवर आहेत. ऐरावतावर इंद्र, मयूरावर कार्तिकेय, नंदीवर उमेसह शंकर. खालच्या पट्टीत सहा आकृती आहेत. लोक त्यांना पाच पांडव आणि द्रौपदी म्हणतात. पुष्कळ अभ्यासक मात्र त्यांत मधू आणि कैटभ हे दोन असुर व त्यांच्याशी झुंजणारी भगवंताची मनुष्यरूप आयुधे पाहतात.

आता वाचकांनी या पटाच्या तीन थरांकडे लक्ष द्यावे. वर देवांची लगबग आहे, खाली संघर्षाचा आवेश आहे. मध्ये मात्र एक अखंड आडवी रेषा, पूर्ण विसावलेली. वरचे देव आणि खालचे असुर दोघेही काळाच्या अधीन आहेत. कल्पान्ती दोघेही नाहीत. मध्ये पहुडलेला तो मात्र कल्पान्तीही आहे. त्याच्या शय्येचे नावच 'शेष', म्हणजे सर्व गेल्यावर जो उरतो तो. आणि त्याचे दुसरे नाव 'अनंत'. आठव्या अध्यायातील अठरा-एकोणीस हे श्लोक वरच्या आणि खालच्या थरात आहेत, विसावा श्लोक मध्यात आहे.

भगवंताची ही निद्रा अज्ञानाची निद्रा नव्हे. शास्त्रकार तिला योगनिद्रा म्हणतात. माणूस झोपला की त्याचे जग त्याच्या हातून सुटते. भगवान निजले तरी जग त्यांच्या हातून सुटत नाही, ते त्यांच्या ठायी विश्रांती घेते. नवव्या अध्यायात (श्लोक ७ ते १०) भगवंत हेच सांगतात : कल्पाच्या शेवटी सर्व भूते माझ्या प्रकृतीत येतात, कल्पाच्या आरंभी मी ती पुनः निर्माण करतो, आणि ती कर्मे मला बांधीत नाहीत, कारण मी त्यांत उदासीनासारखा, आसक्तिरहित असतो.

याच मंदिरातील अन्य दोन पट ध्यानात घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मंदिराचे दार पश्चिमेस आहे. नेहमीच्या रीतीने प्रदक्षिणा घालणाऱ्यास प्रथम उत्तरेकडे गजेंद्रमोक्ष दिसतो, मग पूर्वेकडे नर-नारायणांचे तप दिसते आणि त्यानंतर दक्षिणेकडे शेषशायी. संकटात सापडलेल्या जीवाची हाक पहिली, शांतपणे केलेली साधना दुसरी, आणि विश्वाच्या आदि-अंताचे दर्शन तिसरे. साधकाचा क्रमही बहुधा हाच असतो. हाक न मारता आणि साधना न करता कोणी एकदम तिसऱ्या भिंतीपुढे जाऊन उभा राहिला, तर त्याला तेथे एक निजलेला राजा तेवढा दिसेल.

तीन दारांतून दर्शन

शेषशायी मूर्ती भारतात सर्वत्र आहे. महाराष्ट्रात वेरुळच्या पंधराव्या लेण्यात ती आहे. ओडिशात धेनकानाल जिल्ह्यात सारंग येथे ब्राह्मणी नदीच्या खडकात सुमारे १५ मीटर लांबीचे अनंतशायी विष्णू कोरलेले आहेत. नेपाळात काठमांडूजवळ बुढानीलकंठ येथे सातव्या शतकातील अखंड कृष्णपाषाणाची मूर्ती जलाशयात पहुडलेली आहे. भारताबाहेर कंबोजातही पश्चिम मेबोन येथे शेषशायी विष्णूच्या प्रचंड कांस्यमूर्तीचा भाग १९३६ साली सापडला.

परंतु गृहस्थाने विशेष मनन करावे अशी मूर्ती तिरुवनंतपुरमच्या श्रीपद्मनाभाची होय. ती सुमारे १८ फूट लांब आहे. परंपरेप्रमाणे १२,००८ शालिग्राम आणि कटुशर्करायोग नावाचा लेप यांनी ती घडलेली आहे. तिचे दर्शन तीन दारांतून घ्यावे लागते. एका दारातून मुख आणि शिवलिंगावर लोंबणारा हात दिसतो, मधल्या दारातून नाभी आणि तीतून निघालेल्या कमलावरील ब्रह्मदेव, तिसऱ्यातून चरण. कोठेही उभे राहिले तरी सर्व मूर्ती एका दृष्टीत मावत नाही. भाविक या तीन दारांत उत्पत्ती, स्थिती आणि लय पाहतात. मनुष्याची स्थितीही अशीच आहे. ज्याच्या घरी जन्म झाला तो एका दारासमोर उभा आहे. ज्याच्या घरी मृत्यू झाला तो दुसऱ्या. प्रत्येकास वाटते की, आपल्याला दिसले तेवढेच सत्य. मूर्ती मात्र एकच आहे, आणि तीत कोठेही खंड नाही.

या देवालयाशी एक ऐतिहासिक प्रसंग निगडित आहे. त्रावणकोरचे महाराज मार्तंड वर्मा यांनी १७५० साली आपले राज्य श्रीपद्मनाभाच्या चरणी अर्पण केले आणि पुढे 'पद्मनाभदास' म्हणून राज्य चालविले. कालस्वरूप भगवंतापुढे राज्य टिकणारे नाही हे जाणून त्यांनी राज्यत्याग केला काय? नाही. त्यांनी स्वामित्व सोडले, काम सोडले नाही. १७५८ साली देहावसान होईपर्यंत त्यांनी राज्यकारभार केला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सर्व कर्मे मला अर्पण करून, आशा आणि ममत्व टाकून, मनस्ताप न बाळगता युद्ध कर, असे जे अर्जुनास सांगितले आहे, त्याची घडी या प्रसंगाशी जुळते.

याच भावाची दुसरी बाजू महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील पल्लवकालीन महिषमर्दिनी गुहेत पाहावयास मिळते. गुहेच्या एका भिंतीवर शेषशायी विष्णू आहेत, पायांकडे मधु-कैटभ गदा सावरून उभे आहेत. अगदी समोरच्या भिंतीवर सिंहावर आरूढ झालेली दुर्गा महिषासुराशी लढत आहे. एकीकडे संपूर्ण विश्रांती, दुसरीकडे संपूर्ण उद्योग. मधे उभा राहणारा भक्त एकीकडे वळला की दुसरी मूर्ती त्याच्या पाठीशी येते. देवीमाहात्म्याच्या पहिल्या अध्यायात विष्णूची योगनिद्रा हीच देवी आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की या दोन भिंती एकमेकींच्या विरोधी नाहीत. जी शक्ती भगवंताला निजविते, तीच धर्मासाठी शस्त्र उचलते.

वटपत्रावरील बालक

मार्कंडेय ऋषींची कथा महाभारताच्या वनपर्वात आणि श्रीमद्भागवताच्या बाराव्या स्कंधात आलेली आहे. प्रलयाच्या अफाट जलात ऋषी एकटेच भटकत आहेत. कोठे भूमी नाही, सोबती नाही, दिशा नाही. अखेर त्यांना एक वटवृक्ष दिसतो आणि तेथे एक तेजस्वी बालक. भागवतात ते पानावर निजले आहे आणि स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालीत आहे. ऋषी त्याच्या श्वासाबरोबर आत ओढले जातात. आणि पाहतात तो काय, पर्वत, नद्या, नगरे, आश्रम, वर्णाश्रमांचे सर्व व्यवहार, जे बाहेर बुडाले होते ते सारे त्या बालकाच्या उदरात जसेच्या तसे आहे.

तंजावरच्या सोन्याच्या वर्खाच्या चित्रांत हे बालक मोठ्या प्रेमाने रंगविलेले आढळते. तामिळ देशात श्रीविल्लिपुत्तूर येथील, म्हणजे आंडाळच्या गावातील, देवाचे नावच वटपत्रशायी असे आहे. प्रलयाचे चित्र काढावयाचे तर चित्रकाराने अग्नी, वादळ, हाहाकार काढावा अशी कोणाची अपेक्षा होईल. परंतु येथे चित्रकार पाळण्यातले मूल काढतो. अंगठा तोंडात घातल्याने त्या बालकाच्या देहाचे एक वर्तुळ होते. आरंभ आणि शेवट एकमेकांस मिळतात. कालचक्राचे याहून कोवळे चित्र जगात क्वचितच असेल.

शोकग्रस्त गृहस्थाने ही कथा नीट समजून घ्यावी. गेलेले माणूस उद्या दारातून परत येईल असे ती सांगत नाही. तशी खोटी आशा शास्त्र कधीच दाखवीत नाही. ती एवढेच सांगते की, आपल्या दृष्टीपुढून जे नाहीसे झाले, ते भगवंताच्या ठायी नाहीसे झालेले नाही. बाहेरचा मार्कंडेय ज्याला प्रलय म्हणतो, आतला मार्कंडेय त्यालाच आश्रय म्हणतो. फरक स्थानाचा आहे.

पुराणे प्रलयाचे चार प्रकार सांगतात : नित्य, नैमित्तिक, प्राकृत आणि आत्यंतिक. ब्रह्मदेवाच्या रात्री होणारा तो नैमित्तिक. त्याच्या आयुष्याच्या शेवटी होणारा तो प्राकृत. ज्ञानाने अविद्येचा जो कायमचा नाश होतो तो आत्यंतिक. आणि प्रतिक्षणी प्राणिमात्रांचा जो क्षय चालू आहे तो नित्य प्रलय होय. म्हणजे प्रलय कोट्यवधी वर्षांनी यावयाचा आहे असे नव्हे; तो घरात रोज चालला आहे. कालचे बालपण आज नाही, आजचे तारुण्य उद्या नाही. वटपत्रावरील बालक प्रत्येक घराला हवे आहे, ते याचसाठी.

नटराज

चोल राजांच्या काळात, विशेषतः दहाव्या शतकापासून, तामिळ देशात कांस्याच्या नटराजमूर्ती घडू लागल्या. या मूर्ती मधूच्छिष्टविधानाने होतात. प्रथम मेणाची मूर्ती करतात, तीवर मातीचा लेप चढवितात, तापवून मेण वितळवितात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. शेवटी मातीचा साचा फोडावाच लागतो. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकमेव असते. कुंभकोणमजवळ स्वामीमलै येथे ही कला परंपरेने चालत आलेली आहे.

नटराजाचे नृत्य म्हणजे संहाराचे तांडव, एवढेच पुष्कळांना वाटते. हा मोठा गैरसमज होय. शैवसिद्धांताप्रमाणे या एकाच मूर्तीत शिवाची पाच कृत्ये आहेत. मागच्या उजव्या हातातील डमरूच्या नादातून सृष्टी. पुढच्या उजव्या हाताच्या अभयमुद्रेत स्थिती. मागच्या डाव्या हातातील अग्नीत संहार. भूमीवर रोवलेल्या पायात तिरोभाव, म्हणजे सत्य झाकले जाणे. आणि उचललेल्या डाव्या पायात अनुग्रह. पुढचा डावा हात हत्तीच्या सोंडेसारखा आडवा येऊन त्या उचललेल्या पायाकडेच निर्देश करतो. जणू मूर्ती सांगते की डमरू पाहा, अग्नी पाहा, पण शरण यावयाचे ते येथे. पायाखाली अपस्मार, म्हणजे विस्मृती, दडपलेली आहे. विस्मृती मेलेली नाही, केवळ दाबलेली आहे, हेही पाहण्यासारखे आहे.

भोवती ज्वालांची प्रभावळ आहे. जटा दोन्ही बाजूंस उडत आहेत. सर्व अंग गतीत आहे. मुख मात्र पूर्ण शांत, किंचित स्मित करणारे. देवगढच्या पटात जे मध्याला आहे ते येथे मुखावर आहे. फिरणारे आणि न फिरणारे, दोन्ही एका देहात आली.

या शतकात या मूर्तीची कीर्ती दूरवर गेली. आनंद कुमारस्वामी यांचा शिवनृत्यावरील ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला, त्याने पश्चिमेकडील विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले होतेच. २००४ साली भारत सरकारने जिनिव्हाजवळील सर्न या अणुकणसंशोधन संस्थेस भेट दिलेली सुमारे दोन मीटर उंचीची नटराजमूर्ती तेथे उभी राहिली.

चाक आणि त्याचा आस

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अस्यवामीय सूक्तात बारा आऱ्यांच्या आणि कधी न झिजणाऱ्या चक्राचे वर्णन आहे. तेच वर्षाचे चक्र ओडिशात कोणार्कला पाषाणात अवतरले. गंगवंशीय राजा नरसिंहदेव पहिला याने तेराव्या शतकात बांधलेले ते सूर्यमंदिर म्हणजे सात अश्वांचा आणि चोवीस चाकांचा एक प्रचंड रथच आहे. चोवीस चाके म्हणजे वर्षाचे चोवीस पक्ष आणि चाकाचे आठ मोठे आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, असा अर्थ लावण्याची रूढी आहे. चाकांच्या आऱ्यांवर देवता आहेत, तशीच माणसांच्या नित्य व्यवहारांची चित्रेही आहेत. काळाच्या चाकावर माणसाचे रोजचे जिणे कोरलेले असावे, हे उचितच आहे.

इतर धर्मपंथांनीही चाक काढले. जैनांच्या कालचक्रात उत्सर्पिणीचे सहा आणि अवसर्पिणीचे सहा असे बारा आरे आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत बौद्धांच्या भवचक्राचे चित्र आहे. ते आता खंडित झालेले आहे. सिद्धांत भिन्न असले तरी चाकात अडकून राहणे हे ध्येय नव्हे, यावर सर्वांचे एकमत आहे.

येथे गीता एक अपूर्व गोष्ट सांगते. आठव्या अध्यायात जे परवशतेचे चक्र आले, त्याच्या खूप आधी, तिसऱ्या अध्यायात (श्लोक १४ ते १६), दुसरे एक चक्र आलेले आहे. अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य, कर्मापासून यज्ञ. हे प्रवृत्त झालेले चक्र जो पुढे चालवीत नाही, तो इंद्रियांत रमणारा मनुष्य व्यर्थ जगतो, असे भगवंतांचे स्पष्ट वचन आहे. म्हणजे एक चक्र आपल्याला फिरविते आणि दुसरे आपण फिरवावयाचे असते. पहिल्यापासून सुटण्याचा मार्ग दुसरे सोडून देणे हा नव्हे. दुसरे निष्काम बुद्धीने चालविणे हाच तो मार्ग आहे. चाक फिरते ते आसाच्या आधारावर, आणि आस स्वतः फिरत नाही. कर्म करताना बुद्धी आसासारखी ठेवावी.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज कलियुगाविषयी. खोटे बोलून, माप मारून, आई-बापांस दूर लोटून "कलियुगच आहे, चालायचेच" असे म्हणणारे पुष्कळ आढळतात. त्यांनी हिशेब करावा. ज्योतिषशास्त्राच्या परंपरेने कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ या वर्षी मानला आहे. आर्यभटाने आपल्या वयाच्या तेविसाव्या वर्षी कलीची ३,६०० वर्षे गेल्याचे नमूद केले आहे. ते इसवी सन ४९९ होय. त्यानुसार आजवर जेमतेम ५,१०० हून थोडी अधिक वर्षे झाली. ४,२६,००० हून अधिक शिल्लक आहेत. तेव्हा युग संपत आले म्हणून हातावर हात ठेवून बसण्यास शास्त्राचा आधार नाही, आणि युग वाईट म्हणून वाईट वागण्यास तर मुळीच नाही. श्रीभगवंतांनी अकराव्या अध्यायात आपण काल आहोत असे सांगितल्यावर अर्जुनास काय आज्ञा केली? बसून राहा अशी नव्हे, ऊठ, अशी.

दुसरा गैरसमज विज्ञानाविषयी. कल्पाची वर्षे ४३२ कोटी आणि आधुनिक शास्त्रज्ञांच्या मते पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. हे आकडे जवळ पाहून काही लोक हर्षित होतात. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीही १९८० सालच्या आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत हिंदू कालमानाच्या विशालतेचा गौरव केला होता. आपल्या ऋषींची कल्पना एवढी विशाल होती, याचा आदर जरूर वाटावा. परंतु दोन आकडे जवळ आले म्हणून शास्त्र सिद्ध झाले असे म्हणू नये. कारण उद्या विज्ञानाने आकडा बदलला तर शास्त्र असिद्ध झाले असे म्हणावे लागेल. शेषशय्येचे तात्पर्य आकड्यांत नाही. सर्व आकडे संपल्यावर जो उरतो, त्याच्याकडे ते बोट दाखविते.

गृहस्थाने काय करावे

पुष्कळ घरांत शेषशायीचे किंवा नटराजाचे चित्र असते. १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाल्यानंतर शेषनारायणाचे चित्र अगदी सामान्य घरांतही पोहोचले. चित्र भिंतीवर आहे. ते मनात उतरावे यासाठी पुढील साधन सोपे आहे.

१. सकाळी मूर्तीपुढे उभे राहिल्यावर प्रथम तिच्यातील फिरणारे पाहावे, नंतर न फिरणारे पाहावे, आणि दृष्टी दुसऱ्यावर क्षणभर स्थिर ठेवावी.

२. निजताना दिवसभराचे काम, त्यातील यश-अपयशासह, शेषशायीच्या चरणी ठेवावे. ब्रह्मदेवाच्या रात्री जे विश्वाचे होते, ते आपल्या रात्री आपल्या दिवसाचे व्हावे.

३. घरात शोकप्रसंग आला असता "असेच चालायचे" असे म्हणू नये. शोकग्रस्ताजवळ बसावे, त्याच्या घरचे काम करावे, आणि मन निवल्यावर मार्कंडेयाची कथा सांगावी.

४. संकल्पाचा अर्थ मुलांना एकदा तरी समजावून द्यावा. ते शब्द आजवर त्यांनी नुसते ऐकले आहेत.

महाराष्ट्रातील वारकरी पंढरीचा राणा अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे असे मानतात. देवगढचा देव पहुडला आहे, चिदंबरमचा नाचत आहे, पंढरपूरचा उभा आहे. तिघेही काळाच्या मध्यावर आहेत आणि काळ त्यांच्याभोवती आहे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. एवढा कल्प, एवढे मन्वंतर उच्चारून संकल्प शेवटी 'करिष्ये' या एका शब्दावर का थांबतो? कारण त्या अफाट कालपुरुषाच्या देहात माणसाच्या हाती असलेली जागा एकच आहे, ती म्हणजे आजची तिथी. मागचे कल्प त्याच्या हाती नाहीत, पुढचे नाहीत. आजचा दिवस आहे, आणि त्या दिवशी करावयाचे कर्म आहे. ते भगवंताला स्मरून, फळाचा हट्ट न धरता केले, तर तेवढ्या एका कर्मापुरता तो चक्राच्या परिघावरून आसाकडे सरकला. मग हातातील पाणी ताम्हनात सोडावे आणि कामाला लागावे.